दूषित कपडे आणि त्वचेची किरणोत्सर्ग मात्रा

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल अणुवीज केंद्रात दुर्घटना घडली. तेथील कर्मचारी व अग्निशामक यांपैकी १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गजन्य आजार जडला आणि त्यातील २८ जण त्याच वर्षी दगावले. काही रुग्णांच्या त्वचेला मिळालेली मात्रा अस्थिमज्जेच्या मात्रेपेक्षा १० ते ३० पट अधिक होती. अंगावर राहिलेले ओले, दूषित कपडे हे त्याचे एक कारण होते. म्हणूनच संपूर्ण शरीराच्या मात्रेबरोबर त्वचेच्या मात्रेचा अंदाज स्वतंत्रपणे करावा लागतो.

बीटा कणांचे महत्त्व

गॅमा किरण शरीरात खोलवर जातात. बीटा कण मात्र आपली ऊर्जा काही मिलिमीटरांतच सोडतात. त्वचेचा बाह्य थर मृत पेशींचा असल्याने मात्रा ०.०७ मि.मी. खोलीवर मोजतात. ट्रिटियमचे बीटा कण हा थर ओलांडत नाहीत. सिझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० यांचे ओलांडतात. बाहीवरील डागामुळे त्वचेला मिळणारी मात्रा छातीवरील मात्रामापकात दिसेलच असे नाही.

अंदाजाचे सूत्र

त्वचेची मात्रा = पृष्ठीय दूषण × रूपांतर गुणांक × संपर्काचा कालावधी

उदाहरणार्थ, त्वचेलगत सिझियम-१३७ चे दूषण दर चौ.सें.मी. १०० बेकेरेल आहे. दर चौ.सें.मी. १ बेकेरेल दूषणामुळे ताशी सुमारे १.६ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. त्यामुळे ८ तासांत मात्रा सुमारे १.२८ मिलिसिव्हर्ट होते. कोरड्या कपड्याची जाडी व त्याखालील हवेची पोकळी यांमुळे ती घटते. ओला कपडा त्वचेला चिकटतो आणि दूषण आत झिरपते. अशा वेळी ही घट गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

मर्यादा

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने त्वचेसाठी वार्षिक मर्यादा किरणोत्सर्ग क्षेत्रातील कर्मचाऱ्यांकरिता ५०० व सर्वसामान्य जनतेकरिता ५० मिलिसिव्हर्ट ठरविली आहे. छोट्या डागाची मात्रा संपूर्ण त्वचेवर विभागल्यास धोका झाकला जातो. म्हणून सरासरी १ चौ.सें.मी. क्षेत्रावर काढतात.

निष्कर्ष

सूत्रातील तीन घटकांपैकी कालावधी हाच घटनास्थळी सर्वाधिक आटोक्यात ठेवता येतो. वरील उदाहरणात कपडे अर्ध्या तासात उतरविल्यास मात्रा केवळ ०.०८ मिलिसिव्हर्ट राहते. दूषित कपडे त्वरित उतरवून पिशवीत बंद करणे आणि त्वचा न घासता साबण व कोमट पाण्याने धुणे, हा उपाय जवळजवळ विनाखर्च आहे. आपत्ती व्यवस्थापनात महागड्या उपकरणांइतकेच या साध्या प्रशिक्षणालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.