वसतिगृहातली पंगत

ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. त्याच्याच मागेपुढे आपल्या घरची मुलं-मुली वळकट्या बांधून पुण्या-कोल्हापूरच्या कॉलेजांत राहावयास जातात. वारीत नवखा आला म्हणजे काय होते, हे वाचकांस सांगायला नको. पंचवीस वाऱ्या केलेला म्हातारा विणेकरी त्या पोराच्या पायाला हात लावतो, 'माउली' म्हणतो. पोरगं गडबडून त्याच्या पाया पडतं. आधी कोण वाकला, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

वसतिगृहात पुष्कळदा याच्या उलट चालते. जुना विद्यार्थी नव्याला उभा करतो, सलाम ठोकायला लावतो आणि विचारतो, "आडनाव काय रे तुझं?" आता आडनाव आपणही विचारतो, त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न ओळखीसाठी नसतो. पोरगं कोणत्या जातीचं, राखीव जागेवर आलंय का, हे काढण्यासाठी असतो. मग मार्क विचारायचे, मग हसायचे. 'पाणी'चे 'पानी' झाले तरी हसायचे! जनाबाई आणि चोखोबा ज्या बोलीत देवाशी भांडले, ती बोली घेऊन आलेलं लेकरू मग वर्गात तोंड उघडीत नाही.

सरकारने १९९९ साली महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केले, त्यांप्रमाणे विद्यार्थ्याकडून आणि पालकांकडूनही लेखी हमी घेतात. म्हणजे हा कागद आपल्याही घरी येतो. तो न वाचता सही करू नये. तरी कायदा मारहाण थांबवील. खानावळीत एक पोरगं रोज एकटंच जेवतं, त्याच्या शेजारी कोणी बसावं, हे कायदा कसा सांगणार?

हे काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केले. ते कोल्हापुरात शिकत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करीना. म्हणून त्यांना आपले बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे त्यांनी साताऱ्यास १९२४ साली वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुलं एकत्र राहात, मिळून स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवीत. भाषणाने जे होत नाही ते चुलीपाशी झाले. ज्याच्या हातची भाकरी रोज खाल्ली, त्याचं आडनाव काढून हसणं जड जातं.

आता आपल्याकडे पाहू. डेक्कन कॉलेजच्या विदुषी इरावती कर्वे पायी वारीला गेल्या, त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, बरोबर अभंग म्हणत, आणि जेवायला वेगळे बसत. बाईंना ते फार लागले. देवाच्या दारीही तेच होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा विठोबाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भक्तांस खुले झाले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि आपण शतकानुशतके तिच्यावरूनच आत जात होतो. तेव्हा कॉलेजच्या पोरांना उपदेश करताना आपला आवाज जरा खालीच असावा.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. कीर्तनकार मंडळींनी चातुर्मासात एखादे निरूपण वसतिगृहात करावे, आणि मागाहून मुलांबरोबरच जेवावे. वेगळे ताट मागू नये. आईबापांनी सुट्टीत आलेल्या मुलाला मार्क विचारण्याआधी विचारावे, की बाबा, तुझ्या खोलीत कोण कोण राहतं, नव्यानं कोण आलं, आणि तो जेवतो कुणाबरोबर? उत्तर 'ठाऊक नाही' असे आले, तर पुढल्या एकादशीला त्या पोरालाच घरी फराळाला घेऊन ये म्हणावे.