तबकडीची मर्यादा आणि मर्यादित तबकडी

'मर्यादित आवृत्ती' हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो पुस्तकांच्या संदर्भात. जपानमध्ये तो गाण्यालाही लावतात. तेथील एखाद्या लोकप्रिय गायिकेचे नवे गाणे निघते तेव्हा एक साधी तबकडी येते आणि तिच्या जोडीला एक-दोन मर्यादित. गाणे तेच, परंतु वेष्टनावरचे छायाचित्र निराळे, आत चित्रफितीची तबकडी किंवा छायाचित्रांची पुस्तिका. खरा चाहता तिन्ही रूपे घेतो. 'एकेबी ४८' या मुलींच्या संचाने तर २००९ पासून पुढे काही वर्षे तबकडीबरोबर मतपत्रिकाच दिली. पुढच्या गाण्यात कोणी पुढे उभे राहावे, हे त्या मतांवर ठरे. ऐकण्यास एक तबकडी पुरते. मते अधिक हवीत म्हणून तबकड्याही अधिक! (मते विकत घेण्याचा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे समजण्याचे कारण नाही.)

जपानी गाण्याला ही शक्कल नेहमीच लागत होती असे नव्हे. क्यू साकामोतो याचे १९६१ चे जपानी भाषेतील गाणे १९६३ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिले आले. मासातो शिमोन याने गायिलेल्या, माशाच्या आकाराच्या गोड पावावरील एका बालगीताच्या १९७५ पासून ४५ लाखांवर प्रती खपल्या. तेथे मर्यादा कशाचीच नव्हती.

आता आपल्या मराठी तबकडीकडे वळू. तिलाही मर्यादा होती, मात्र ती प्रतींची नव्हे, वेळेची. लाखेच्या मिश्रणाची ती दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूस सुमारे तीन मिनिटांतच संपे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांनी गायन मुद्रित केले तेव्हा तासभर फुलणारा राग त्यांना एवढ्याशा वेळात बसवावा लागला. रागाची ही अडचण झाली खरी. कवितेची मात्र सोय झाली. तीन-चार कडव्यांची कविता तीन मिनिटांत नेमकी मावते. मराठी भावगीत लोकांच्या घरोघर गेले ते याच मापात, असे मला वाटते.

याचे उत्तम उदाहरण 'शीळ'. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ही कविता १९३० च्या दशकात गोविंद नारायण जोशी यांनी तबकडीवर गायिली आणि ती महाराष्ट्रभर गेली. 'शीळ' हा देशपांड्यांचा संग्रह निघाला १९५४ मध्ये. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी कविता लोकांना पाठ झाली होती! आमच्या अभ्यासक्रमात कविता नेहमी पुस्तकातून येते. तिने असाही प्रवास केला आहे, हे वर्गात सांगावयास हवे.

परंतु तबकडीपर्यंत पोचण्यास शहर, ओळख आणि कंपनी लागे. आपल्याच जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१ या काळात जगल्या. त्यातील जवळजवळ पन्नास वर्षे हिंदुस्थानात तबकड्या निघत होत्या. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्या गात, आणि सोपानदेवांनी व पितांबर चौधरींनी ते टिपून घेतले. ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांच्या हाती पडले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. खरी मर्यादित आवृत्ती म्हणावी तर ते हस्तलिखित. ते गहाळ झाले असते तर दुसरी प्रत कोठून आणणार होतो? शब्द वाचले, चाल आणि आवाज गेला.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. घरात गाणे म्हणजे आजीच्या अहिराणी ओव्या आणि लग्नातली हळदीची गाणी. आज अहिराणी गाणी मोबाइलवर लाखो लोक पाहतात, डीजेवर नाचतात. त्याचा मला आनंदच आहे. पण जात्यावरची ओवी त्यांत नाही. तिला वाद्य नाही, ठेका जात्याच्या फेऱ्याचा, आणि ती दळण संपेपर्यंत चालते. तीन मिनिटांचे माप तिला ठाऊक नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीच्या एकोणीस ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या. विसाव्या ओवीला ती अडली. जाते हाताशी असते तर आठवली असती, म्हणाली. आमचे जाते आता गोठ्याच्या पायरीला बसवले आहे. शेजारच्या आळीत एक आहे असे कळते.