ट्रायग्लिसराइडची ओळ वाचा

माझ्या धाकट्या भावाच्या रक्ताची नळी लॅबमधल्या ताईंनी उजेडात धरून दाखवली. पेशी खाली बसल्या होत्या, पण वर जो पिवळसर, आरपार दिसणारा द्रव असायला हवा, तो दुधासारखा पांढरा होता. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड हजाराच्या बरंच वर आणि एलडीएल कोलेस्टेरॉलच्या रकान्यात आकडाच नाही. घरात सगळे चक्रावले. त्यानं तेल-तूप तर केव्हाच सोडलं होतं!

त्याच आठवड्यात त्याच्या पोटात वरच्या बाजूला कळ उठली, ती थेट पाठीपर्यंत गेली. उलट्या थांबेनात. स्वादुपिंडाला सूज आली होती. तो बरा झाला, पण अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांचे जे हाल झाले, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

‘चरबी वाढलीय’ असं आपण सरसकट म्हणतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पाण्यात विरघळत नाहीत, एवढं सोडलं तर लिपिड म्हणवल्या जाणाऱ्या या पदार्थांची रचना आणि कामं अगदी वेगवेगळी आहेत. ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली की ट्रायग्लिसराइड होतं. ही साठवणीची ऊर्जा, एका ग्रॅममागे 9 कॅलरी. तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट आला की फॉस्फोलिपिड होतं. त्याच्या दुहेरी थरानं आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण बनतं. कोलेस्टेरॉलची घडण निराळीच, चार कड्यांची. त्यापासून पित्ताम्लं, ड जीवनसत्त्व आणि इस्ट्रोजेन, कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं तयार होतात. ते बहुतांशी शरीर स्वतःच बनवतं.

भावाचं घोडं अडलं होतं ते पहिल्या प्रकारात. ट्रायग्लिसराइड फक्त तेलातून येत नाही. जादा साखर, मैदा, दारू यांपासून यकृत ते स्वतः तयार करतं. त्याचा दिवसभर गोड चहा चालू होता, रात्रीचं पिणंही, आणि मधुमेह आहे हे तर दवाखान्यातच कळलं. ट्रायग्लिसराइड फार वाढलं की स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्याचे तुकडे करतं आणि सुटी झालेली मेदाम्लं तिथल्याच पेशींना इजा करतात.

म्हणून रिपोर्ट आला की एकूण कोलेस्टेरॉलवर थांबू नका. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवं, 500 च्या वर गेलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको. अनेक लॅब एलडीएल गणितानं काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेलं की तो हिशेब चालत नाही, म्हणून रकाना कोरा दिसला तर तो दिलासा समजू नका. सोबत मधुमेहासाठी एचबीए1सी आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे विचारा.

आणि कुणी सांगितलं म्हणून तेल पूर्ण तोडू नका. इतक्या वाढलेल्या आकड्याला डॉक्टर काही काळ स्निग्ध पदार्थ अगदी कमी करायला सांगतात, भावालाही सांगितले. पण तो उपचार आहे, सगळ्यांसाठीचा नियम नव्हे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. काही मेदाम्लं शरीराला बनवताच येत नाहीत, ती अन्नातूनच मिळायला हवीत. आपल्याकडे त्यासाठी जवसाची चटणी आहे, बांगडा आहे.

पोटात वर दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि जुना लिपिड रिपोर्ट बरोबर न्या.