थंडीतली मधपेटी

पौष महिना आला. पहाटे हुडहुडी भरते. आपण शेकोटी पेटवतो, घोंगडी पांघरतो. मधपेटीतल्या माश्यांना कुठली शेकोटी आणि कुठली घोंगडी? मग त्या जगतात कशा?

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या डोंगरात पुष्कळ लोक सातेरी मधमाश्या पाळतात. तिथले मांघर गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे थंडी चांगलीच पडते. तरी माश्या तग धरतात. त्यांची युक्ती आपण पाहू.

हवा साधारण १४ अंशांच्या खाली गेली, की माश्या पोळ्यांवर दाटीने बसतात. त्यांचा एक घोस होतो. बाहेरच्या माश्या डोके आत करून एकमेकींना चिकटतात. हीच त्यांची घोंगडी. आतल्या माश्या छातीचे स्नायू थरथरवतात. पंख हलत नाहीत, पण अंग तापते. हीच त्यांची शेकोटी. मध्ये पिल्ले असली, तर तिथे ३४ अंशांच्या आसपास ऊब राहते. बाहेरच्या माश्या गारठल्या की आत सरकतात.

या शेकोटीला सरपण कोणते? मध! म्हणून सगळा मध काढू नये. त्यांच्यापुरता पेटीत ठेवावा. सातेरी माशी उपाशी राहिली, तर पेटी सोडून निघून जाते. मग आपण हात चोळत बसतो.

माश्यांना कोरडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. मध खाल्ल्यावर त्यांच्या श्वासावाटे वाफ निघते. ती गार झाकणाला लागून पाणी होते. त्याचे थेंब माश्यांवर पडतात. म्हणून पेटीचा तळ नीट असावा.

तळ दोन तऱ्हेचा असतो. एक सलग फळीचा, दुसरा तारेच्या जाळीचा. युरोपातून आणलेल्या मेलिफेरा माशीला वरोआ नावाची बारीक कीड फार छळते. जाळीचा तळ असला, तर पडलेली कीड जाळीतून खाली जाते. ओलही निघून जाते. पण खालून वारा लागतो. म्हणून थंडीत जाळीखाली फळी सरकवावी. सातेरी माशी ही कीड बरीचशी आपली आपणच काढते. तिला सलग फळीचा तळ चालतो.

सलग तळ असला, तर पुढची कामे करावी :

१. पेटी पुढे थोडी कलती ठेवावी. म्हणजे पाणी दारातून वाहून जाते.

२. तळावरचा मेणाचा चुरा झाडावा. चुऱ्यात मेण खाणारी अळी वाढते. हे काम भर दुपारी, उन्हात, झटपट उरकावे. पहाटे पेटी उघडू नये.

३. फटी बुजवाव्या. मेलिफेरा माशी झाडाचा चीक आणून फटी बुजवते. सातेरी बुजवीत नाही. ते काम आपले. बाहेरून शेणमातीने लिंपावे. माश्यांचे दार मात्र लिंपू नये.

माश्या आपली ऊब आपणच करतात. आपण त्यांना मध, कोरडा तळ आणि आडोसा एवढेच द्यायचे. मग फुले येताच त्या कामाला लागतील, आणि आपल्यालाही मध मिळेल.

वाचून सांगा :
माश्यांच्या शेकोटीचे सरपण कोणते?
पेटी पुढे कलती का ठेवावी?
तुमच्या पेटीचा तळ कसा आहे?