आकाशांतील विमानांची हांक

सोलापुरांत गच्चीवर उभें राहून वर पाहिलें असतां उंचावरून जाणारें एखादें विमान आपल्या दृष्टीस पडतें. नकाशावर मुंबई व हैदराबाद यांस जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती तुळजापुराजवळून जाते. तेव्हां यांत नवल नाहीं. परंतु तें विमान कोणतें व किती उंचीवर आहे, हें ओळखावें कसें? याचें उत्तर विमान स्वतःच देत असतें.

विमान उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान जाणतें व तें १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीवर सेकंदास सुमारें दोन वेळां कळवितें. असा संदेश ११२ बिटांचा असून आरंभीच्या खुणेसह १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्यांत विमानाचा २४ बिटांचा ओळखक्रमांक असतो व शेवटीं तितक्याच बिटांचा ताळा असतो.

हा संदेश ऐकण्यास दूरचित्रवाणीसाठीं निघालेला आर-टी-एल २८३२-यू चिपचा लहानसा डोंगल पुरतो. लहरीची लांबी सुमारें २७.५ सेंटिमीटर, तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारें ७ सेंटिमीटरांची तार अँटेना म्हणून चालते. संदेश उलगडणारा 'डंप१०९०' हा प्रोग्राम साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थांनीं 'सी' भाषेंत लिहून सर्वांस खुला केला.

आतां मूळ लिखाणापासून तो तयार करणें म्हणजे काय? आपल्या चादरींचेंच उदाहरण घ्या. नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढतात. पण पुठ्ठ्यांस भोकें पाडल्यावांचून जॅकार्ड मागास ती समजत नाहीं. तसेंच, माणसानें वाचावयाचें लिखाण यंत्राच्या भाषेंत उतरविण्याचें काम कंपायलर करितो. आम्हीं 'गिट'नें लिखाण आणविलें, त्या फोल्डरांत शिरलों आणि 'मेक' अशी आज्ञा दिली.

काम मध्येंच थांबलें. पडद्यावर चुकांच्या ओळी उमटल्या. त्यांतील पहिलीच नीट वाचली, तेव्हां डोंगलशीं बोलणाऱ्या लायब्ररीची एक फाईल संगणकावर नाहीं, असें कळलें. ती बसवितांच प्रोग्राम तयार झाला. परंतु चालवितांना डोंगल दुसऱ्याच्या ताब्यांत असल्याचें उत्तर आलें! लिनक्सनें त्यास दूरचित्रवाणीचें यंत्र समजून निराळाच ड्रायव्हर जोडला होता. त्याचें नांव वर्ज्य यादींत घालून संगणक पुनः सुरू केला, आणि पडद्यावर पहिला क्रमांक झळकला. त्याचा आरंभ ८० या अंकांनीं होता. भारतांत नोंदलेल्या विमानांचे क्रमांक ८० ते ८३ यांनींच सुरू होतात. तेव्हां आमच्या आनंदास पारावार राहिला नाहीं.

हा केवळ खेळ नव्हे. ता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशांत टक्कर होऊन ३४९ माणसें दगावलीं. अशी टक्कर टाळणारें यंत्रही शेजारच्या विमानाचीं उत्तरें याच लहरीवर ऐकतें.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ताळा जुळला, म्हणजे संदेश वाटेंत बिघडला नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. तो पाठविणारा खरा आहे, हें त्यावरून ठरत नाहीं. म्हणून शक्य तेथें रडारनेंही पडताळा घेतात. ऐकलेलें तपासून घ्यावें आणि चूक दिसतांच घाबरून न जातां तिची पहिली ओळ वाचावी, हाच आम्हांस या उद्योगांतून मिळालेला धडा होय.