माहितीपटाचे वाचन : ‘जय भीम कॉम्रेड’

माहितीपट म्हटला की आपल्यापैकी जुन्या पिढीला चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविला जाणारा सरकारी पट आठवतो. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे हे पट धरणे, कारखाने, लसीकरण यांची माहिती देत. माहिती खरीच असे. परंतु ती कोणाच्या नजरेतून सांगितली जात आहे, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नसे. स्वतंत्र माहितीपटाचा आरंभ याच प्रश्नापासून होतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा पट आम्ही निवडला आहे. कारण त्यातील वेदना आपल्या घरातील आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी या दुःखात आपले जीवन संपविले. झोपडपट्टीवासीयांवरील ‘हमारा शहर’ या १९८५ च्या पटात पटवर्धनांनी त्यांचा आवाज टिपला होता. ज्याचे गाणे आपण चित्रित केले, तो माणूस असा का गेला, या शोधात निघालेला कॅमेरा पुढे १४ वर्षे थांबला नाही.

ही १४ वर्षे केवळ चिकाटीची खूण म्हणून मोजू नयेत. वृत्तपत्रांना अशा घटनेचा दोन-चार दिवसांत विसर पडतो. न्यायालयीन प्रक्रिया मात्र वर्षानुवर्षे चालते आणि त्या काळात साक्षीदार थकतात, नेते पक्ष बदलतात, मुले मोठी होतात. हे सारे पाहायचे तर कॅमेऱ्यालाही तेवढेच थांबावे लागते. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ साली जन्मठेप सुनावली, म्हणजे घटनेनंतर तब्बल बारा वर्षांनी. आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

अभ्यासकाने या पटातील एक भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा पोलिसांचा दावा होता. पटवर्धन त्याला घोषणेने उत्तर देत नाहीत. उपलब्ध चित्रफीत, टँकर उभे असल्याची जागा आणि माणसे पडली ती जागा ते आपल्यापुढे ठेवतात. अंतर प्रेक्षकानेच मोजावयाचे असते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. आमच्या मते संपूर्ण पटातील सर्वांत प्रभावी युक्तिवाद हाच आहे, आणि त्यात एकही मोठा शब्द नाही.

दुसरी गोष्ट गाण्यांची. येथे गाणे करमणुकीसाठी येत नाही. जे लिहून ठेवावयास कोणी नव्हते, ते शाहिरांनी गळ्यात जपले. म्हणून गाणे हाच येथे दस्तऐवज होतो. खैरलांजीचे हत्याकांड आणि कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांवर आलेले संकट, हे पुढचे अध्याय त्याच सुरात जोडले जातात. जवळजवळ तीन तासांचा हा विस्तार काही ठिकाणी सैल वाटतो, हेही नमूद केले पाहिजे.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावयास हवा : आपल्या दुःखाची कथा नेहमी दुसऱ्यानेच का सांगावी? पटवर्धनांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसली, तरी त्यामुळे हा प्रश्न मिटत नाही. कॅमेरा कोणाकडे वळवावा आणि कात्री कोठे चालवावी, हे ठरविणे म्हणजेच सत्ता होय. अलीकडे सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाव आणि चैत्यभूमी यांवर पट केले. तेथे चित्रित करणारा आणि चित्रित होणारा यांतील अंतर पुष्कळ कमी झाले आहे. हे दोन्ही प्रकारचे पट आपल्या मुलांना शेजारी शेजारी दाखवावेत आणि प्रत्येक दृश्यानंतर विचारावे : येथे कोण बोलत आहे, कोण गप्प आहे, आणि कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे?

जानेवारी २०१२ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ प्रथम दाखविला गेला तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत. चित्रगृहाचे तिकीट ज्यांच्यासाठी काढले जात नाही, तेच त्याचे पहिले प्रेक्षक होते.