मधले पत्ते आणि सारखी बोली वाढवणारा भिडू



सुट्टीत पत्त्यांचा डाव बसला की एक भिडू हमखास असा निघतो, जो पत्ते असोत वा नसोत, बोली वाढवतच सुटतो. आपल्याकडे भारी पत्ते असतील तर काही प्रश्न नाही. अगदी फालतू असतील तरी नाही, सरळ टाकून द्यायचे. गोची होते ती मधल्या पत्त्यांची! हा निर्णय अपूर्णांकांच्या मदतीने कसा घ्यायचा, ते आज पोकरच्या उदाहरणातून पाहू. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके पुरेत.

आधी खेळ समजून घेऊ

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात 2 पत्ते असतात आणि मध्ये सर्वांसाठी 5 पत्ते उघडतात. या 7 पैकी सर्वोत्तम 5 पत्ते धरायचे. समोरच्याने बोली लावली की आपल्यापुढे तीन वाटा असतात:

- फोल्ड : पत्ते टाकून देणे
- कॉल : तेवढेच चिंचोके टाकणे
- रेझ : बोली आणखी वाढवणे

उदाहरण

आपल्या हातात दश्शी आणि नव्वी आहे. मध्ये राजा, दश्शी, सत्ती, चौकी, दुर्री उघडले आहेत. एकाच रंगाचे तीन पत्ते मध्ये नाहीत. म्हणजे आपली दश्शीची जोडी झाली. समोरच्याकडे राजा असेल तर आपण हरणार, नुसती थाप असेल तर जिंकणार.

मध्ये 60 चिंचोके जमले आहेत. समोरच्याने शेवटची बोली 30 ची लावली. आता कॉल करायला 30 लागतील आणि जिंकलो तर 90 मिळतील. आपले 30 धरून एकूण 120. 30 भागिले 120 म्हणजे 1/4. म्हणजे काय, तर अशा 4 डावांत 1 पेक्षा जास्त वेळा तो थाप मारत असेल तर कॉल फायद्याचा.

आता असे 10 डाव मोजू. समजा, 4 वेळा थाप आहे आणि 6 वेळा त्याचे पत्ते खरेच आपल्यापेक्षा मोठे आहेत.

- फोल्ड : 0 (आधी टाकलेले चिंचोके आता मोजायचे नाहीत, ते गेले.)
- कॉल : 4 × 90 = 360 मिळाले, 6 × 30 = 180 गेले. फायदा 180.
- 90 पर्यंत रेझ : थाप मारणारा पळून जातो, 360 मिळाले. पण मोठे पत्तेवाला थांबतो, 6 × 90 = 540 गेले. तोटा 180!

पाहिलंत? रेझ करून थापेतून एक चिंचोकाही जास्त मिळाला नाही, हरल्यावर मात्र तिप्पट गेले. मी स्वतः ही चूक खूप वेळा केली आहे. "याला आता दाखवतोच" असं वाटतं आणि हात पुढे जातो.

भिडू बदलला तर?

हाच डाव शांत भिडूबरोबर असेल आणि तो 10 पैकी 1 वेळाच थाप मारत असेल, तर कॉल केल्यावर 90 मिळतात आणि 9 × 30 = 270 जातात. तोटा 180. पत्ते तेच, बोली तीच, उत्तर मात्र उलटं! तिथे फोल्डच योग्य.

म्हणून भिडूवर शिक्का मारण्याआधी नोंद ठेवा. पत्ते उघडले की खरे होते की थाप, याच्या ताळ्याच्या खुणा वहीत करा. दोन-तीन डावांवरून ठरवू नका. आक्रमक भिडूलाही अधूनमधून भारी पत्ते येतातच, तेव्हा हरलो तरी कॉल चुकीचा होता असं नाही.

मुलांसाठी सराव

मध्ये 60 चिंचोके आहेत आणि बोली 60 ची आहे. किती डावांत एकदा जिंकलो तर बरोबरी होईल?
उत्तर : 60 भागिले 180 = 1/3, म्हणजे 3 डावांत एकदा.

गणित अपूर्णांकांचं असलं तरी मुलांनी यातून आणखी एक गोष्ट घ्यावी असं मला वाटतं. समोरचा जोरात बोलतो म्हणून घाबरून माघार घ्यायची नाही आणि चिडून त्याच्यापेक्षा मोठ्यानेही बोलायचं नाही. आधी मोजायचं, मग ठरवायचं.